आड्याला बांधलेली बंदूक

*अर्ज, पहिला. अक्षयाच्या अक्षरात.*

मा. पोलीस निरीक्षक साहेब यांस,
विषय: हरवलेली बंदूक सापडल्याबाबत.
महोदय, मी खाली सही करणार नर्मदा महादेव परब, वय ५९, धंदा शेती. माझे पती कै. महादेव परब यांच्या नावे शेतीसंरक्षण परवान्यावर एक ठासणीची बंदूक होती. ती हरवल्याची तक्रार त्यांनी नऊ वर्षांपूर्वी आपल्या ठाण्यात दिली होती. सदर बंदूक काल आमच्या मांगरात सापडली. तरी ती ताब्यात घ्यावी, ही विनंती.

"कर सही," अक्षया म्हणाली.

नर्मदानं पेन घेतलं, कागदावर टेकवलं आणि तिथंच धरून ठेवलं. निळा ठिपका मोठा होत गेला.

*

बंदूक सापडली ती वाऱ्यामुळं. परवा संध्याकाळी वारा सुटला आणि फणसाची फांदी मांगरावर आली. मांगरात आता गुरं नव्हती. गवत होतं, दोन फुटकी टोपली होती, नांगर होता. फांदीनं एका अंगाचे कौलारू नळे फोडले आणि छपराचं आडं उघडं पडलं. सकाळी नर्मदा बघायला गेली तर आड्याच्या अंगाला आणखी एक लाकूड बांधलेलं, एका टोकाला सुटून लोंबत असलेलं. लाकडाला कोण खताची पिशवी गुंडाळतो? तिनं शिडी लावली आणि कोयत्यानं सुंभ कापलं.

पिशवीच्या आत प्लास्टिक. प्लास्टिकच्या आत महादूची चौकड्याची लुंगी. लुंगीच्या आत बंदूक.

नळीवर गंजाचा ठिपका नव्हता. बोट फिरवलं तर तेल लागलं. महादूला जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि तेल अजून होतं.

मग तिला एक एक आठवत गेलं. दर वर्षी मे महिन्यात नळे परतायला महादू एकटाच चढायचा. आधी ते काम शेजारच्या बाबलीचं. बाबली गाव सोडून गेल्यावर महादूनं दुसऱ्या कुणाला शिडीला हात लावू दिला नाही. गडी मिळत नाय, म्हणायचा. गडी मिळत होते. साठीला आलेला माणूस, गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या पायऱ्या टाळणारा, वर्षातून एकदा मांगराच्या माथ्यावर अर्धा दिवस काढायचा आणि खाली उतरला की त्या रात्री जेवायचा नाही.

ती गवतात बसून राहिली. हाताला लागलेलं तेल पदराला पुसायचं तिला सुचलं नाही.

*

तिची मुलगी अक्षया ओरोसला सरकारी कचेरीत लागली होती. फोन गेला तशी पुढच्याच एस्टीनं आली, बंदूक बघितली आणि तिनं दाराला कडी घातली.

"खाडयेत टाकूया. भरती बगून. बाबा गेले, तेंची बंदूक गेली. इषय संपलो."

"आणि बाबली?"

"बाबलीकाकांचा काय?"

"त्येचो पण इषय संपलो काय?"

बंदूक गेली त्या वर्षी अक्षया दहावीत होती. तिला आठवत होतं ते सगळ्या गावाला आठवत होतं तेवढंच.

*

गावाला आठवतं ते असं.

दसऱ्याच्या आधीचे दिवस, भात पिकलेलं. बुधवारी सकाळी रानाच्या कडेला एक गवा मरून पडलेला मिळाला, मानेत छर्रे. गवा मारणं म्हणजे तुरुंग. दुपारपर्यंत फॉरेस्टवाले आले आणि गावातल्या परवान्याच्या सगळ्या बंदुका तपासायला मागू लागले. चार बंदुका आल्या. पाचवी महादूची, ती आली नाही. महादू म्हणाला, माझी तीन दिवस आधी, आयतवारीच गेली. शेतातल्या राखणीच्या खोपीत ठेवली होती, सकाळी नव्हती. पोलिसांकडं तशी तक्रारही त्यानं दिली.

त्या खोपीत निजायचा बाबली. परबांचा शेजारी, परबांच्याच शेतावर राबणारा. रानडुकरांना हाकलायला त्याच्याकडे पत्र्याचा डबा असायचा आणि काठी.

पोलिसांनी त्याला दोन दिवस ठेवलं. तो काही बोलला नाही. काही हाती लागलं नाही म्हणून सोडला. मग गावानं रवळनाथाला कौल लावला. गुरवानं ओल्या पाकळ्या देवाच्या अंगाला लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं: ह्या लेकरान बंदूक नेल्यान आसात, तर उजवी पाकळी दी म्हाराजा. सगळ्यांनी होय म्हाराजा म्हटलं. बराच वेळ काही झालं नाही. मग उजवी पाकळी पडली.

आणि बाबली म्हणाला, होय, मीच नेलंय. खाडयेत टाकलंय.

देवाला नारळ आणि कोंबडा देऊन त्यानं दंड भरला. पोलिसांकडं पुन्हा कुणी गेलं नाही. घरातलं घरात मिटवलं, असं सगळे म्हणाले. कुणी त्याला मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त कामाला बोलावलं नाही. पुढच्या मिरगाच्या आधी तो बायकोला, काशीबाईला घेऊन वेंगुर्ल्याला गेला.

*

"आता आयक," अक्षया म्हणाली. कचेरीत बसून तिला एक सवय लागली होती. कुठलाही कागद ती आधी विरुद्ध बाजूनं वाचायची. "मांगराचे नळे कोण परती होतो? बाबलीकाका. मगे हो अर्ज वाचून लोक काय म्हणतले? चोरल्यान आणि थंयच लपयल्यान. देवान सांगलेला खराच निघाला."

नर्मदाला हे सुचलंच नव्हतं. बंदूक सापडली म्हणजे बाबली सुटला, एवढंच ती धरून बसली होती.

"मगे लिव दुसरो."

*अर्ज, दुसरा.*

…सदर बंदुकीला तेल लावलेले आढळले. बाबली गाव सोडून गेल्यापासून नळे परतण्यासाठी माझे पतीच मांगरावर चढत होते…

अक्षयाचं पेन थांबलं. "म्हणजे बाबांनी खोटी तक्रार दिल्यानी."

"होय."

"तेल लावला म्हणान काय सिद्ध जायत नाय, आये. बाबांका मागसून गावली आसात. भियान बोलाक नसतीत."

"मगे आनी एक ओळ घाल." नर्मदा चुलीकडं बघत होती. "घाल, बुधवारी पहाटे मी बार उडाल्याचा आवाज ऐकला. पती बंदूक घेऊन घरी आले. सदऱ्याला बंदुकीच्या दारूचा वास होता. तो सदरा मी धुतला."

तिनं हे शुद्ध मराठीत सांगितलं, जणू साहेब समोर बसला होता. अक्षयानं ते लिहून काढलं. पेन ठेवल्यावर मग तिला कळलं आपण काय लिहिलं ते.

"बुधवारी," ती म्हणाली. "बंदूक आयतवारी गेली, आणि बुधवारी…"

"होय."

"तुका म्हायत होता."

नर्मदानं चुलीतलं लाकूड आत सारलं.

अक्षयानं ती ओळ खोडली. मग तिच्यावर आडव्या रेघा मारल्या, मग उभ्या, कागद फाटेपर्यंत. "ह्यां लिवचा नाय. बाबा गेले, तेंचा आता काय वाकडा जावचा नाय. तुझा जातला. इचारतले, तेव्हा कित्याक बोलाक नाय. काय सांगतलंस?"

"तू दहावीक होतंस," नर्मदा म्हणाली. मग स्वतःच मान हलवली. ते खरं नव्हतं. खरं असतं तरी पुरेसं नव्हतं. "माका भीती वाटली, बाय. दुसरा काय नाय."

अक्षयानं फाटलेला कागद हातानं सपाट केला.

"उद्या बाबलीक भेटान येतंय," नर्मदा म्हणाली. "ओळ ठेवूची काय काढूची, ता त्येका इचारतंय."

*

बाबली काजूच्या कारखान्याच्या फाटकावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. अंगात निळा सदरा, खिशाला पेन. केस सगळे पांढरे.

"वयनी? हय खंय? वाट चुकलंस काय?"

"तुकाच भेटाक इलंय."

"काजू होये आसतीत तर मालकाक सांगाक होया. मी नुसतो राखणेक." तो हसला. "चोराक राखणेक ठेवल्यानी, बग. नऊ वरसां झाली, एक बी जावक नाय."

त्यानं खुर्ची तिला दिली आणि स्वतः पोत्यावर टेकला.

"बंदूक गावली, बाबली."

एक टेम्पो आत आला. बाबलीनं उठून त्याचा नंबर वहीत लिहिला, फाटक लावलं, परत येऊन बसला.

"खंय?"

"मांगरात. आड्याक बांधलली."

"आड्याक." त्यानं थोडा विचार केला. "बरी जागा काढल्यान महादूदादान."

"दादान म्हणतंस?"

"मगे कोणी? त्या बुधवारी मी खोपीत जागोच होतंय, वयनी. दादा बंदूक घेवन खालसून गेलो. बार झालो. मगे धावत परत इलो. काळोखात धोतर सावरीत ल्हान पोरासारखो धावी होतो."

"मगे तू सांगूक नाय?"

"दादा सांगतलो, म्हटलंय. ठाण्यात पयल्या दिसाक वाटला, आज येतलो. दुसऱ्या दिसाक वाटला, आज तरी. देवळात तर माझ्या बाजूकच उभो होतो. पाकळी पडली तशी मी त्येच्याकडे बगलंय. तो जमिनीकडे बगी होतो." बाबलीनं खांदे उडवले. "मगे मीच होय म्हटलंय. कोणीतरी होय म्हणाक होया होता. गुरव सकाळपासना उपाशी, लोक खोळंबलेले."

कारखान्यातून भाजलेल्या काजूच्या सालीचा तिखट धूर येत होता. नर्मदाचे डोळे चुरचुरत होते.

"काशीबाय बरी आसा?"

"ती गेली. तीन वरसां झाली." तो खाली बघून बोलला. "जाईस्तवर इचारी होती. खरा सांगा, नेलास काय? देवाक होय म्हणान सांगललंय, बायलेक नाय कसा सांगू? मगे सांगलंय, तरी तिका पटाक नाय. तिचा काय चुकला, गावच्या गाव म्हणी होता."

मग तो एकदम मोकळेपणानं म्हणाला, "एक तू तेवढी. दोनय दिस ठाण्यात माका डबो धाडलंस. भाकरी आणि सुक्या सुंगटाची किसमूर. हवालदार म्हणालो, ज्येची बंदूक चोरलंस त्येचीच बायल तुका जेवण धाडता? मी म्हटलंय, ती माका वळाखता. घरच्या बायलेचो इस्वास नाय, पण परबांच्या वयनीचो आसा. त्या डब्यार नऊ वरसां काढलंय मी, वयनी."

नर्मदाच्या पिशवीत अर्ज होता, घडी घातलेला. ओळ खोडलेला. तो तसाच दिला असता तर बाबलीकडं तो डबा राहिला असता. लोक काय म्हणायचं ते म्हणाले असते. ते ऐकायची त्याला सवय होती. आणि ओळ परत घातली तर गाव त्याला चोर म्हणणार नव्हतं, पण डबा जाणार होता. दोन्ही त्याला देता येईल असा एक कागद तिला दिसेना. ती खुर्चीत पुढं सरली, मागं सरली.

"बाबली, माका म्हायत होता."

त्याला आधी समजलं नाही.

"काय?"

"तुझो दादा बंदूक घेवन इलो, ता मी बगलंय. त्येचो सदरो मी धुवलंय."

"कधी?"

"बुधवारी. पोलिस तुका न्हेवच्या आधी."

बाबली उठला. फाटकावर कुणी आलं नव्हतं, तरी त्यानं ते उघडलं, रस्त्यावर दोन्हीकडं बघितलं, परत लावलं. पोत्यावर येऊन बसला नाही. फाटकाच्या गजाला धरून तिच्याकडं पाठ करून उभा राहिला.

"मी ह्यां सगळा अर्जात लिवतंय," ती म्हणाली. "तुझा नाव घालून. लिवू मां?"

"तेव्हा गप रवताना माका इचारलंस?" आवाज चढलेला नव्हता. "मगे आता बोलाक कित्याक इचारतंस?"

ती उठली. तो वळला नाही.

"चारची एस्टी चुकात तुझी," तो म्हणाला.

*

*अर्ज, तिसरा. नर्मदाच्या अक्षरात, वेंगुर्ले स्टँडवर लिहायला घेतलेला, गुरवाला भेटून आल्यावर घरी पुरा केलेला. अक्षयानं तो वाचला आणि म्हणाली, शुद्ध करून देते. नर्मदानं दिला नाही. दुसऱ्या दिवशी, कळवल्यावर, पोलिसांची जीप येऊन बंदूक घेऊन गेली तेव्हा हाच कागद तिनं हवालदाराच्या हातात ठेवला.*

सायबानू,

बंदूक चोरीक गेलीच नव्हती. माझ्या घोवान लपयल्यान. बुधवारी पहाटेक बार झालो तो मी आयकलंय. घोव बंदूक घेवन इलो. सदऱ्याक दारूचो वास होतो, तो सदरो मी धुवलंय. मगे तेणा तुमका सांगल्यान, बंदूक आयतवारी गेली म्हणान. तेव्हा मी दारात उभी होतंय. गप रवलंय.

बाबली गावडे ह्या माणसान काय एक करूक नाय. देवळात तेणा होय म्हटल्यान, कारण ज्येणी बोलूचा ते बोलाक नाय. त्येतली मी एक.

तुमच्या ठाण्यात मी तेका दोन दिस डबो धाडलंय. तेका वाटला, माझो तेच्यार इस्वास आसा. इस्वास नव्हतो सायबानू. म्हायत होता, म्हणान धाडलंय. जेवण धाडला काय गप रवाक हलका पडता. ह्यां पण लिवन ठेवा. ह्येका काय शिक्षा आसात ती सांगा.

येत्या सोमवारी मी हो कागद देवळात वाचतलंय, सगळ्यांच्या समोर. गुरवाक सांगान ठेवलंय. तो म्हणता, देवाचो कौल आता फिरवूक येवचो नाय. मी म्हटलंय, फिरवू नको. नुसतो आयक.

बाबलीक बोलवक नाय. तो येवचो नाय.