चौकटीवरचा डाग

"गोठ्याला चुना लागनार नाय म्हंजे नाय. किती येळा सांगू?"

मिलकाबाईनं चुन्याची बादली पायानं बाजूला सारली. तिची सून नोमी हातात कुंचा धरून तशीच उभी राहिली. शुक्रवारची दुपार कलली होती. गव्हाला पहिलं पाणी सोडलेलं. काळी माती पिऊन पिऊन फुगली होती नि तिचा ओला वास अंगणापर्यंत येत होता.

"अहो आई, उद्या इंदूरची, अहमदाबादची माणसं यायचीत. सगळं घर पांढरं अन् गोठा काळा? काय म्हणतील?"

"म्हनतील म्हातारी खडूस हाय. ते त्यांना आधीच ठावं हाय. गोठ्यात काय पंगत बसवनार हायेस? घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं!"

दोन पावसाळ्यांमागं विहिरीवरच्या मोटरचा शॉक लागून दानियल गेला. नोमीचा नवरा, मिलकाबाईचा एकुलता एक. तेव्हापासून सासू-सुनेचं बोलणं व्हायचं ते असंच, चुन्यावरून नाहीतर मिठावरून. मिठाचं तर असं, की त्या दिवसापासून मिलकाबाईच्या जिभेला चवच राहिली नव्हती. भाजी खारट झाली तरी मुकाट गिळायची. रडलीही नव्हती. लोक म्हणाले, बाई दगडाची. तिलाही तसंच वाटायचं. दगडाला वाटतं तेवढंच.

उद्या शनवारी तिच्या नातवाची, रूबेनची, बार मिट्झवा होती. तेरा वर्षं पुरी झाली की पोर पहिल्यांदा सगळ्यांसमोर धर्मग्रंथ वाचतं नि प्रार्थनेला मोठा माणूस म्हणून मोजलं जातं. गावात कुणी विचारलं की ती सांगे, "तुमच्याकडं जनेऊ करतात ना, तसंच समज." उज्जैनच्या या अंगाला बेने इस्रायलांचं, म्हणजे मराठी ज्यूंचं, हे एकच घर. तिचा सासरा अलिबागेकडून कापडगिरणीत आला नि गिरणी बंद पडल्यावर चार बिघे घेऊन इथंच राहिला. कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत. तेलाचा घाणा चालवायचे, पण शनवारी घाण्याला हात लावायचे नाहीत. घाणा सुटला, शनवार नाही सुटला. आणि तो लागतो शुक्रवारी दिवस बुडताना. मग चूल नाही, बटण नाही, कॅमेरा तर मुळीच नाही. म्हणून फोटो आजच काढायचे होते.

फोटोवाला सौरभ माधव नगरातून फटफटीवर आला, तोही उशिरा.

"माफ करा, काकू. देवास गेटला जाम होता. पण टेन्शन नका घेऊ, रामघाटावर मी कितीक मुंजी काढल्यात."

"मुंजीच काढल्यास ना? मग माझ्या नातवाला आईच्या मांडीवर बसवू नको. घोडा झालाय तो."

"बसवलं तर छान येतं, काकू."

"मग तूच बस."

रूबेननं बापाची झालरीची पांढरी शाल खांद्यावर घेतली, डोक्यावर टोपी ठेवली. शाल त्याच्या गुडघ्याखाली लोंबत होती. पाच-सहा फोटो झाले. मग नोमीनं मोबाइलवर दानियलचा फोटो उघडून सौरभपुढं धरला.

"यांना रूबेनच्या बाजूला घेता येईल?"

"येईल ना! रोजचंच काम आहे. परवा एका लग्नात नवरीचे गेलेले पिताजी उभे केले, तर मावशी फोटोच्या पाया पडल्या. फक्त जागा सोडा. बेटा, हात वर कर. पप्पाच्या खांद्यावर ठेवलाय असा."

रूबेननं हवेत हात धरला. "एवढा?"

"मला काय माहीत? किती उंच होते?"

रूबेननं हात आणखी वर नेला.

"इतके नव्हते रे," नोमी म्हणाली. "माझं डोकं त्यांच्या हनुवटीला लागायचं."

"नाही मम्मी, पप्पा खूप उंच होते."

"तू तेव्हा लहान होतास."

"पण होते!"

दोघांचे आवाज चढले. बाभळीमागं सूर्य लाल होत होता.

"काहीतरी एक सांगा," सौरभ म्हणाला. "उजेड चालला. मी अंदाजे करून टाकतो. फोटोत उंची कोण नापतंय?"

खाटेवरून मिलकाबाई उठली.

"अंदाजे? माझा लेक अंदाजे?"

तिनं नातवाचं मनगट धरलं नि तरातरा गोठ्यापाशी नेलं. गोठ्याची चौकट बुटकी. तिच्या वरच्या लाकडावर, मधोमध, तळहाताएवढा काळा चकचकीत डाग होता.

"ह्यो त्याचा. रोज सकाळी धार काढायला जाताना कपाळ आपटायचा. रोज! मी म्हनायची, मेल्या, वाकलास तर काय दंड पडतो? डोकीला हे एवढं खोबरेल थापलेलं. चौकट तेल पिऊन बसली."

नोमी डागाकडं बघत राहिली. मग तिनं बादलीवरचा कुंचा उचलून पाठीमागं घेतला.

"आई, मग सांगायचं ना."

"सांगून काय करायचं होतं?"

रूबेन चौकटीखाली जाऊन उभा राहिला. टाचा उचलल्या नाहीत. टोपी नि डाग यांच्यामध्ये वीतभर जागा उरली. त्यानं हात वर केला नि तळवा डागावर टेकवला.

सौरभनं कॅमेऱ्यातून पाहिलं. "काकू, इथं पप्पांना उभं करायला जागा नाही. अन् मागून म्हैस येतेय."

"येऊ दे. ती वळखते त्याला. नि उभं कुनाला करायचं नाय. हाच काढ."

त्यानं काढला.

"एक आणखी, सेफ्टीसाठी..."

"बंद कर. दिवे लावायपुरताच उजेड उरलाय."

मिलकाबाई घरात गेली. शनवारच्या दिव्यांत तेल ओतलं, नोमीनं वाती पेटवल्या, दोघींनी प्रार्थनेला डोळ्यांवर हात घेतले. हात काढले तेव्हा मिलकाबाईचे डोळे कोरडेच होते.

शनवारी रूबेननं वाचलं. एका ठिकाणी अडखळला, पुन्हा मागं जाऊन नीट वाचलं. शनवार उतरल्यावर देवाचे आभार मानायला मलिद्याचं ताट मांडलं, गूळ-खोबऱ्याचे पोहे वाटले. सगळे म्हणाले, गोड झालेत. मिलकाबाईनंही मान हलवली.

रविवारी पाहुणे गेले. नोमीनं कुणाला न विचारता बादली उचलली नि सगळा गोठा पांढरा केला. चौकटही केली.

संध्याकाळी दूध न्यायला शेजारचा बापू आला. वाकून आत शिरताना थबकला.

"माँजी, ऊपर इत्ता रह गया."

मिलकाबाई म्हशीपुढं पेंड टाकत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"रहने दे."