माझ्या मागच्या चाकातली घाण

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. दोन दारांची, लाल रंगाची, बुटकी आणि लांब नाकाची. शर्यतीसाठी जन्मलेली आणि फरशीवर म्हातारी झालेली. काही वर्षांपूर्वीपर्यंत येणारेजाणारे मला पाहून थबकायचे. "काय चमकतेय!" म्हणायचे. त्या चमकण्याची मला शिसारी आली होती. का, ते ऐका.

मी कारखान्यातून बाहेर पडले, तेव्हा माझ्या मागच्या चाकांत हँडब्रेकचे शू बसवलेले होते. शू म्हणजे लोखंडाची चंद्रकोर आणि तिच्यावर खरखरीत अस्तर. दांडा ओढला की ते पसरायचे आणि चाकातल्या ड्रमला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्याला, आतून घट्ट धरून बसायचे. मी धावत असताना त्यांना काम नसे. मी थांबले की त्यांची पाळी सुरू.

माझे थोरले मालक दांडा असा ओढत, जणू झोपलेल्या लेकरावर पांघरूण घालत आहेत. दर वर्षी ते स्वतः चाक उतरवून आत डोकावत. आत काळे दिसले की नाक मुरडत, पण पुसत. ते गेले आणि मी त्यांच्या मुलाच्या, धाकट्यांच्या हाती आले.

धाकट्यांचे माझ्यावर प्रेम नव्हते असे नाही. पण ते प्रेम माझ्या कातडीच्या आत कधी उतरले नाही. रोज सकाळी मऊ फडके, मग गुलाबाच्या वासाचे मेण. कोणाचे बोट उमटले तरी घर डोक्यावर घेत. दाराशी सपाट जागा होती, पण तिथे मी रस्त्यावरून दिसत नव्हते. म्हणून मला फाटकाकडच्या उतारावर उभे करीत. त्यातही गिअरवर ताण नको म्हणून न्यूट्रलमध्ये! माझ्या सगळ्या देहाचा भार त्या शूंवर.

शू झिजले. दांडा सैल झाला. चाक उघडायचे सोडून धाकट्यांनी दांड्याखालची वायर ताणली. पुन्हा सैल, पुन्हा ताणली; मग मी धावतानाही शू ड्रमला घासत राहत. आत रबरी सील फुटून तेल पाझरत होते आणि अस्तराची काळी भुकटी त्यात कालवली जात होती. बाहेर गुलाब आणि आत तो चिकट, कुबट चिखल! आंघोळीशिवाय रेशीम नेसवावे तसे मला होई. शी!

त्याहून वाईट होती ती भीती. उताराच्या तळाशी, बरोबर माझ्या मागे, धाकट्यांच्या आई सकाळच्या उन्हात खुर्ची टाकून विणत बसत. थोरले मला पुसायचे आणि त्या तिथून चुका काढायच्या, तेव्हापासूनची ती जागा. माझे शू सुटले तर मी कुठे जाणार, हे मला ठाऊक होते.

एका सकाळी मी वीतभर मागे सरकले. सूनबाई दातांच्या डॉक्टर. त्या दवाखान्यात निघाल्या होत्या.

"अहो, गाडी सरकली!"

"भास झाला तुला," धाकटे म्हणाले. "वायर अर्धा आटा ताणतो, झालं."

"मागच्या वेळीही अर्धाच आटा होता. आई, तुम्ही जरा खुर्ची बाजूला घ्या बरं."

आईंनी सुया थांबवल्या नाहीत. "हलते ती, आणि उठायचं मी? ह्यांच्या वेळी ती जागची हलत नव्हती. मीही नाही हलणार."

सूनबाईंनी पर्स खाली ठेवली आणि मिस्त्रीला फोन लावला.

मिस्त्रीने मला सपाट फरशीवर घेतले, पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले आणि मागून जॅकवर उचलले. चाक निघाले, ड्रम निघेना.

"साहेब, वायर केवढी ताणलीय! कपडे वाळत घालायचे होते का?" त्याने वायर ढिली केली आणि हातोडीने ड्रमला कडेने ठोकले. ड्रम सुटला. त्याबरोबर काळ्या घाणीचा एक गोळा पचकन धाकट्यांच्या पांढऱ्या बुटावर पडला.

धाकट्यांनी नाकाला रुमाल लावला. सूनबाईंनी बॅटरीचा उजेड पाडून आत पाहिले. एका शूवर नखाएवढे अस्तर उरले होते, दुसरा म्हणजे नुसते लोखंड.

"पुढचे दात मोत्यासारखे आणि दाढांत सगळी कीड!" त्या म्हणाल्या. "असा पेशंट आला ना, की मला जेवण जात नाही."

"हेच शू नुसते पुसून परत नाही का बसवता येणार?" धाकट्यांनी विचारले.

"येतील की," आई खुर्चीतून म्हणाल्या. "माझ्या जागी मग तू बसत जा."

 मिस्त्रीने गळके सील बदलले. ड्रम मात्र सूनबाईंनी नवऱ्याच्याच हाती दिले. हात कोपरापर्यंत काळे होईतो धाकट्यांनी ते घासले, अधूनमधून तोंड फिरवत. दोन्ही चाकांत नवे शू, नव्या स्प्रिंगा बसल्या. शू ड्रमला जेमतेम लागतील इतके जुळवून झाल्यावरच मिस्त्रीने वायरला हात लावला.

मग मला पुन्हा उतारावर आणले. आई खुर्चीजवळ उभ्या होत्या.

"बस आता निर्धास्त," धाकटे म्हणाले.

"आधी तू."

मिस्त्री हसला. आई हसल्या नाहीत. धाकटे खुर्चीत बसले. सूनबाईंनी माझ्यात बसून दांडा ओढला, गिअर काढला. पाय अजून ब्रेकवर होता.

"सोडू?"

"थांब जरा!"

"का? भास होईल म्हणून?"

धाकट्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. खालून, मागून त्यांनी मला प्रथमच पाहिले असावे. किती मोठी, किती जड आहे मी! त्यांच्या कपाळावर घाम आला.

"सोड," ते पुटपुटले.

पाय उचलला गेला. मी किंचित दबले आणि उभी राहिले.

धाकटे बराच वेळ उठले नाहीत. उठले ते सरळ माझ्यात येऊन बसले आणि मला वर, दाराशी सपाटीवर घेऊन गेले. आता मी तिथेच असते. रस्त्यावरून कोणाला दिसत नाही. अंगावर धूळ बसते, मेणही क्वचित लागते. पण दर वर्षी चाक उतरते, आणि नाक मुरडत का होईना, धाकटे आत डोकावतात.

मित्रांनो, तुमच्या घरी सायकल असो की मोटार, तिची न दिसणारी जागा उघडून पाहा. किळस येईल. येऊ द्या. नाक धरा, पण पाहा. आणि आधी मागे कोण बसले आहे, तेही पाहा.