वाक्य एक, मालकिणी तीन

सभागृह खचाखच भरलं होतं. दिवे मंद, पेटीचे सूर रडवे आणि वाट बघून बघून आंबलेली माणसं. मग 'वाचासिद्ध' मंचावर आले. यांची जीभ हलली की रोग पळतो, अशी ख्याती. मी शाळेत विज्ञान शिकवते. केवळ ताईच्या हट्टापायी गेले होते.

"इथे एक आई बसली आहे," ते हळूच म्हणाले. "रोजचा एक त्रास मुकाट सोसते आहे." मग बराच वेळ गप्प. मग आवाज कातर करून, "आई, आजपासून तो सुटला."

ताई ढसाढसा रडली आणि घरी येऊन तिने इन्सुलिन कचऱ्यात टाकलं. मी भांडले, पाया पडले. "त्यांनी भर सभेत माझं इंजेक्शन बंद केलं," हेच तिचं पालुपद. भावजी म्हणाले, श्रद्धेत लुडबूड नको.

पुढे पायाची जखम चिघळली, ताई बेशुद्ध पडली. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण पायाची दोन बोटं कापावी लागली. शुद्धीवर येताच तिने विचारलं, माझी श्रद्धा कुठे कमी पडली? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिला भेटायला तिची नणंद आणि शिवणकाम करणारी शेजारीण आल्या होत्या. दोघीही त्या सभेला होत्या. ते वाक्य कोणासाठी होतं, असं मी विचारलं.

"माझ्यासाठी," नणंद म्हणाली. "ह्यांच्या दारूबद्दल."

शेजारणीने नाक मुरडलं. ते तिच्या गुडघ्याबद्दल होतं, आणि बोलताना त्यांनी बघितलंही तिच्याकडेच. दोघींची खाटेशेजारीच जुंपली. नवरा अजून पीत होता, गुडघा अजून दुखत होता, पण वाक्यावरचा हक्क कोणी सोडेना.

मी मोबाइलवर त्या भाषणाचं रेकॉर्डिंग शोधून लावलं. ताईने ते पुन्हा पुन्हा ऐकलं.

"यात इंजेक्शन कुठाय? मग मला कोण म्हणालं?"

"तूच म्हणालीस, ताई. ते गप्प बसले तेव्हा."

ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

वाचासिद्धांच्या सभा अजून भरतात. जायचं तर जा. पण घरी आल्यावर, ते नेमकं काय बोलले तेवढंच कागदावर लिहा, आपल्या मनातलं एक अक्षरही न घालता. मग त्या कागदाकडे बघा, आणि त्याच्या भरवशावर औषध टाकायचं का ते ठरवा. ताईला हे कोणी आधी सांगितलं असतं, तर ती आज धड चालली असती.