अर्धा इंच रुंद

स्केटबोर्डावर उभी राहिले आणि पहिल्याच वळणाला मला संशय आला. घोटा मोडून पाच महिने घरी बसल्यावर अडखळायला होणार, हे मी धरूनच चालले होते. पण हे अडखळणं नव्हतं. टाच दाबली की बोर्ड वळत होता, पण नाइलाजाने, उशिरा. पंजाला जिथे कडा लागायची तिथे कडाच नव्हती, ती आणखी पुढे गेली होती. किकफ्लिप मारून पाहिली. यात उडी मारून बोर्डाला पायाखाली एक पूर्ण गिरकी द्यायची असते. गिरकी अर्धीच झाली आणि बोर्ड चाकं वर करून पडला.

"अगं, पाच महिन्यांचा गॅप आहे. होतं असं," प्रणीत म्हणाला.

प्रणीत माझ्याशी इतक्या गोड आवाजात कधीच बोलत नाही. माझं डोकं तिथेच सटकलं.

प्रणीत पुण्याचा. कोरमंगलाला पीजीत राहतो आणि तीन वर्षं माझ्याबरोबर जे. पी. नगरच्या या स्केटपार्कात येतो. पार्क चालवणाऱ्या संयोगिताअक्कांना मुलींच्या नव्या बॅचसाठी एकच शिक्षक हवा होता, आणि उमेदवार आम्ही दोघंच. रविवारी मोठ्या रॅम्पच्या माथ्यावरून बोर्डासकट खाली उतरून दाखवायचं, कुणाचा आधार न घेता. जूनमध्ये माझा घोटा मोडला तो याच रॅम्पवर. ही बॅच मला हवी होती, आणि तिच्यासाठी तिथून खाली येणं भाग होतं. बोर्डावर परत उभी राहिले त्याच सकाळी मी दोनदा माथ्यावर चढले आणि दोन्ही वेळा मागच्या पायऱ्यांनी गुपचूप उतरले. कुणी पाहिलं नाही, असं मी समजून चालले.

संशय आला की मला दम धरवत नाही. संयोगिताअक्कांच्या ऑफिसातून टेप आणली आणि बोर्ड मोजला. माझा डेक, म्हणजे पाय ठेवायची फळी, आठ इंच रुंद. हा साडेआठ निघाला. चाकांच्या दोन जोड्यांमधलं अंतरही चौदाचं साडेचौदा झालं होतं. म्हणून वळण उशिरा येत होतं आणि गिरकी पुरी होत नव्हती. ऐकायला अर्धा इंच, पण पायाला तो परक्याच्या चपला घातल्यासारखा लागतो.

आणि खरं सांगते, मला आनंद झाला. म्हणजे मी घाबरले नव्हते तर! पायऱ्यांनी उतरले ती बोर्डामुळे.

आता कुणी बदलला ते उघडच होतं. मी प्लास्टरमध्ये असताना, सप्टेंबरात, वरचा खरखरीत कागद, म्हणजे ग्रिप, बदलायला बोर्ड दोन दिवस प्रणीतकडे होता. तेव्हापासून घरात तो मी उचलूनही पाहिला नव्हता. बॅच मिळाली नाही तर फायदा कुणाचा? प्रणीतचा.

"माझा डेक कुठाय?" मी टेप त्याच्यासमोर धरली.

"म्हणजे?"

"हा साडेआठ आहे. माझा आठचा होता. बरोबर मापाचा बोर्ड दिलास तर मी जिंकेन, अशी भीती वाटली ना तुला?"

"मनस्विनी, सिरियसली? मी फक्त ग्रिप लावली यार. आठच्याच डेकवर."

"मग हा कुणी ठेवला? भुताने?"

भोवती शिकायला आलेल्या पाच-सहा मुली होत्या. सगळ्यांनी ऐकलं. प्रणीतचा चेहरा पडला. त्याने हेल्मेट उचललं आणि तो निघून गेला. चोर असाच निघून जातो, असं मी मुलींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं.

राजाजीनगरला घरी येऊन बोर्ड उलटा करून टेबलावर ठेवला. माझ्या डेकची खालची बाजू साधी काळी, वर दोन वर्षांचे ओरखडे. यालाही ओरखडे होते. जवळून पाहिले तेव्हा मात्र मी खुर्चीतच बसले. खरे ओरखडे वेडेवाकडे पडतात, कुठे खोल, कुठे वरवर. हे सगळे एका दिशेने, सारख्या अंतरावर ओढलेले होते. कानशीने. इतकी सफाईदार कानस प्रणीतच्या सात पिढ्यांत कुणी धरली नसेल. आमच्या घरात मात्र एक जण होता.

अण्णा कॉफी पीत पेपर वाचत होते. माझे वडील हणमंतराव, तीस वर्षं कारखान्यात लेथवर होते.

"अण्णा, माझ्या बोर्डाला कानस कुणी मारली?"

"कसली कानस?" पेपर खाली आला नाही.

"अण्णा."

मग आला. "दसऱ्याच्या आयुधपूजेला धुतला गं मी तो. स्कूटर धुतली, हत्यारं धुतली, म्हटलं तुझी गाडी का ठेवायची? बादलीभर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली. दोन दिवसांनी बघतोय तर फळीचे थर सुटलेले. तू ओरडशील म्हणून नवी आणून बसवली."

"आणि अर्धा इंच? चार सूत, अण्णा! अर्धं सूत चुकलं तर कामगाराला परत पाठवत होतात तुम्ही. तुमच्या हातून चार सूत चुकतात?"

अण्णांनी कपातली उरलेली कॉफी बघितली.

"चुकले नाहीत," ते म्हणाले. "दुकानात विचारलं, ज्याच्यावरनं माणूस पडत नाही तसला कुठला? तो म्हणाला, रुंद घ्या सर, स्वल्प स्टेबल असतं. सरी, ठीक आहे म्हणालो, तोच दे. जूनमध्ये तुला रिक्षात घातली तेव्हा तुझं पाऊल माझ्या मांडीवर उलटं पडलं होतं. तू डोळे मिटून होतीस. मी बघत होतो."

मला खूप राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं. प्रणीतला मी चोर म्हटलं होतं, आणि चोर इथे कॉफी पीत होता.

शनिवारी आम्ही दोघं दुकानात गेलो. अण्णांनी खिशातून स्वतःचं व्हर्नियर काढलं आणि नवा डेक तीन ठिकाणी मोजला. आठ म्हणजे आठ. चाकांतलं अंतर चौदा. संध्याकाळी त्यावर उभी राहिले तर पायांना सगळं जागच्या जागी मिळालं. टाच दाबली की लगेच वळण, गिरकी पुरी. प्रणीतला फोन करायचा म्हणून चारदा हातात घेतला आणि चारदा ठेवला. आधी जिंकते, मग माफी मागते, असं ठरवलं.

रविवारी रॅम्पच्या माथ्यावर बोर्डाचं शेपूट टेकवलं, मागचा पाय त्यावर ठेवला, पुढचा उचलला. तो बोर्डावर आला आणि तिथेच थांबला. एवढंच बाकी होतं, की वजन पुढे टाकायचं. माझाच बोर्ड, माझ्याच मापाचा, बापाने तीनदा मोजलेला. संशय घ्यायला कुणीच उरलं नव्हतं. मी घाबरले होते. इतके दिवस मी तेवढंच सोडून बाकी सगळं तपासलं होतं.

खाली अण्णा, संयोगिताअक्का आणि मुली उभ्या होत्या. वर माझ्या शेजारी, आपली पाळी येण्याची वाट पाहत, माझ्याकडे न बघता, प्रणीत.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "डेक अण्णांनी बदलला होता. आणि पायऱ्यांनी मी उतरले ती डेकमुळे नव्हे."

"माहितेय. मी पाहिलं होतं तुला. दोन्हीदा." तो अजूनही समोरच बघत होता. "म्हणून तर म्हटलं ना, होतं असं."

"प्रणीत, हात दे."

आता त्याने बघितलं. "हात धरलास तर अक्का मोजणार नाहीत. बॅच जाईल तुझी."

"ठाऊक आहे. दे."

त्याने हात पुढे केला. त्याचा तळवा माझ्याहून ओला होता. मी पुढचा पाय दाबला.