गर्दीतली मावशी

सिनेमात सगळ्या तऱ्हेच्या माणसांना नीट जागा दिलीय की नाही हे तपासायचं आणि पास-नापास ठरवायचं, हे तिचं काम. लोकांना वाटतं, काय मजा आहे बाईची, फुकटात सिनेमे! अहो कसली मजा? तोच सीन मागे-पुढे करून डोळे फुटायची वेळ येते.

त्या दिवशीचा सिनेमा होता सिनेमा बनवणाऱ्यांवरच. पडद्यावरचा दिग्दर्शक ओरडतोय, हिरोईन रडतेय आणि मागे गर्दी. काळे, गोरे, म्हातारे, कुबडीवाले, सगळे हजर. बोलत मात्र त्यातलं एकही नव्हतं.

आणि गर्दीत एक पाठमोरी बाई. सैल अंबाडा, डावा खांदा जरा पडलेला. हिनं सीन तिथंच थांबवला. मावशी!

मावशीनं सिनेमांच्या गर्दीत उभं राहून हिला लहानाचं मोठं केलं होतं. गर्दीतल्यांनी नुसते ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही, हा तिथला नियम. घरी दोघींचा तोच खेळ. मावशी ओठ हलवायची, ही ओळखायची. "एकदा तरी एक वाक्य मिळू दे गं," एवढंच मावशीचं मागणं. ते मनात ठेवूनच मावशी दोन वर्षांपूर्वी गेली. सिनेमा तर यंदाचा.

"ही बाई कुठून आणलीत?" तिनं शेजारी बसलेल्या, सिनेमाच्या खऱ्या दिग्दर्शकाला विचारलं.

"ती होय! जुन्या सिनेमांतली गर्दी उचलून कॉम्प्युटरवर चिकटवलीय, मॅडम. सगळ्या रंगांची माणसं आयती मिळाली. जेवायलाही घालावं लागत नाही," म्हणून तो स्वतःच हसला.

म्हणजे जुनं चित्रच ते. तिला जरा हायसं वाटलं. तरी सीन मागे नेला. मावशीची मान किंचित वळली होती. पुन्हा नेला, तर गाल दिसला. पुन्हा नेला, तेव्हा मावशी सरळ हिच्याकडेच बघत होती. ओठ हलत होते. 'चिमणे, बोल ना.'

"मग पास ना, मॅडम? पुढचे सगळे सिनेमे तपासायला तुमच्याकडेच."

खड्ड्यात गेले तुझे सिनेमे, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं. ओठ हलले, पण आवाज फुटेना. खाकरली, तर तेही ऐकू येईना.

"गप्प म्हणजे होकार!" दिग्दर्शकानं खुशीत हात पुढे केला.

"नापास!"

आवाज पडद्यातून आला, खणखणीत. दिग्दर्शक ताडकन उठला. हे वाक्य सिनेमात नव्हतंच! पडद्यावर मावशीचे ओठ नुकतेच मिटत होते. चेहऱ्यावर असा आनंद, की बघून भाचीला रडूच आलं. आवाज मात्र भाचीचा होता.

तिनं घाईघाईनं सीन पुन्हा लावला. मावशी पाठमोरी उभी होती, पहिल्यासारखी. भाचीनं जीव तोडून हाक मारली.

तिचे ओठ हलले, एवढंच.