एकच तर पायरी आहे

मी एक जुनी खुर्ची आहे. चार पायांची नव्हे, चाकांची, बॅटरीवर चालणारी. माझ्या उजव्या हातावर एक छोटी दांडी आहे. ती पुढे ढकलली की मी पुढे जाते, वळवली की वळते. मित्रांनो, एवढेच माझे कसब. पण या एवढ्याशा कसबाच्या भरवशावर एक बाई एकटी परगावी निघाली होती. तिची हकीकत मीच सांगते, कारण ती आता कुणाला काही सांगत नाही.

कारखान्यातून मी आधी अमरावतीला आले, शेषराव नावाच्या म्हाताऱ्या मास्तरांकडे. त्यांना माझी भीतीच वाटायची. "हे यंत्र मले एखांद्या दिवशी नालीत नेऊन पाडन," असे म्हणत ते अंगणात दोन फेऱ्या मारत आणि उतरत. ते वारले आणि माझ्यावर जुनी चादर पडली. पुढे त्यांची सून संध्या हिने मला अकोल्याला, आपल्या कॉलेजच्या मैत्रिणीकडे पाठवून दिले. मैत्रिणीचे नाव ललिता तेलगोटे.

ललिता जठारपेठेत राहते, वडिलांसोबत. आई नाही. लहानपणी पोलिओने तिचे दोन्ही पाय गेले. वडील, श्रावणबाबा, टपाल खात्यात होते. शाळेत, कॉलेजात, लग्नाकार्यात, सगळीकडे त्यांनी तिला पाठीवर नेले. ललिता बी.कॉम. झाली आणि बाबांची कंबर कायमची धरली. त्यानंतर ती घराबाहेर पडलीच नव्हती. दुकानदारांचे हिशेब घरी मागवून करायची.

मी आले त्याच आठवड्यात ती एकटी बाजारात गेली. भाजीवालीशी तिने मनसोक्त घासाघीस केली आणि मांडीवर हिरवागार सांबार घेऊन परतली. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. दारातूनच ती ओरडली, "बाबा, पाहा, मी आनला! मी निवडून आनला!" त्या सांबारात निम्मी काडी सडकी होती. बाबांनी ती गुपचूप काढून टाकली आणि म्हणाले, "लय ताजा हाय." मित्रांनो, वस्तूला सुख कळत असेल तर ते मला त्या दिवशी कळले.

तशी काही वर्षे गेली. उन्हात माझी गादी तापायची, ललिता ओला पंचा टाकून बसायची, पण बाहेर जायचीच. मग पुण्याच्या एका कचेरीने तिला फोनवर प्रश्न विचारले आणि हिशेबाच्या कामासाठी निवडले. रुजू होण्याआधी एकदा येऊन जागा पाहून जा, असे त्यांनी कळवले.

"मी येतो ना संग," बाबा म्हणाले.

"तुमी आले तं मी एकटी राहू शकतो का नाई, हे मले कसं समजन?"

"अवं पन पोरी, एवढं मोठं शहर..."

"मोठं हाय म्हनूनच तं सोय असन, बाबा. जाऊ द्या मले."

बाबांनी जाऊ दिले. स्टेशनवर हमालांनी मला उचलून अपंगांच्या डब्यात चढवले. डब्यात धडधाकट माणसे पाय पसरून बसली होती. नाइलाज झाल्यासारखी सरकली. ललिताने दुपारपासून पाणी पिणे सोडले होते, कारण डब्यातल्या संडासाच्या दारातून मी आत जाऊ शकत नाही. बाटली तिच्या पिशवीत तशीच भरलेली राहिली.

पुण्यात गाडी उशिरा पोचली, म्हणून आम्ही लॉजवर न जाता थेट कचेरीकडे निघालो. फूटपाथवर मोटारसायकली चढू नयेत म्हणून लोखंडी खुंट रोवले होते. मोटारसायकली तिरप्या होऊन निघून जात होत्या. अडले होते मी. म्हणून आम्ही रस्त्यावरून गेलो. मागून हॉर्न वाजायचा आणि ललिताची बोटे दांडीवर घट्ट व्हायची. तरी ती हसत होती. एका चौकात तिने स्वतःशीच म्हटलेही, "चालून राहिलो ना आपन!"

कचेरीच्या दाराला उतार होता. लिफ्ट होती, तीही मला पुरणारी. वरच्या मजल्यावर खिडकीजवळचे टेबल तिच्यासाठी रिकामे ठेवले होते. तिथल्या प्रमुख ज्योत्स्नाबाई मनापासून म्हणाल्या, "तुमचं काम मला फार आवडलं. सोमवारपासून याल?" ललिताने टेबलावरून हात फिरवला. मग हळूच विचारले, "बाथरूम कुठे आहे?"

दार अरुंद होते. मी सरळ गेले, तिरपी गेले, मागे येऊन पुन्हा गेले. चौकटीचा रंग दोन्हीकडून खरवडला गेला. मी आत गेले नाही.

ज्योत्स्नाबाई ओशाळल्या. "आजवर इथे असं कुणी आलंच नाही हो. लक्षातच आलं नाही."

"दार मोठं करता येईल?"

"जागा भाड्याची आहे, ललिता. मालक भिंतीला हात लावू देत नाहीत." मग त्यांनी विचारले, "तुम्ही कसं जमवता एरवी?"

ललिता म्हणाली, "पाणी पीत नाही."

खाली आल्यावर रुंद दार शोधत आम्ही हिंडलो. शेवटी दोन रस्ते पलीकडे एका दवाखान्यात ते सापडले. आत दार लावून ललिता रडली. मी तिच्याखाली होते, म्हणून मला ते कळले.

तरीही तिने हार मानली नव्हती. लॉजवर पोचेपर्यंत ती मनात तोडगे जुळवत होती: घरून काम मागता येईल, अर्धा दिवस मागता येईल. लॉजचा मालक बाहेर आला. फोनवर त्याने सांगितले होते की पायऱ्या नाहीत. आता म्हणाला, "एकच तर पायरी आहे मॅडम! तिला काय पायरी म्हणायचं?"

मित्रांनो, पायाने चालणाऱ्याला ती एक पायरी असते. मला ती भिंत असते.

त्याने हाका मारून चार माणसे जमवली. भली माणसे होती. हातातली कामे टाकून धावत आली. ललिता पुन्हा पुन्हा सांगत होती, "खुर्चीच्या हाताला धरू नका, तो निघून येतो. खालून, लोखंडाला धरा."

"अहो, तुम्ही नुसत्या बसून राहा. घाबरू नका," एक जण म्हणाला, आणि त्याने हातालाच धरले.

माझा हात उपसून आला. दांडीची वायर तुटली. मी एका बाजूला कलंडले आणि ललिता त्या पायरीवर पडली.

लगेच गर्दी झाली. कुणी पाणी आणले. एक बाई म्हणाली, "घरच्यांनी एकटीला पाठवलंच कसं?" तिने ते ललिताला विचारले नाही, शेजारच्या माणसाला विचारले. ललिताचे कोपर सोलले होते, त्याकडे ती पाहतही नव्हती. तिने फोन काढला.

"बाबा," ती म्हणाली, "घ्यायले या."

दुसऱ्या दिवशी बाबा आले. दुखऱ्या कमरेने त्यांनी आपल्या तिशी ओलांडलेल्या मुलीला पाठीवर घेतले. तिने डोळे मिटून घेतले होते. मी सामानाच्या डब्यातून आले.

कचेरीला तिने नकार कळवला. घरून काम मागितलेही नाही. बाबांनी मला टेम्पोत घालून अमरावतीला नेले. तिथल्या देवराव मिस्त्रींनी वायर जोडली, हात पक्का बसवला. घरी आल्यावर बाबांनी माझी चाके पुसली आणि मला तिच्या खाटेजवळ आणले. "पाह्य, कशी नवी झाली. चाल, चौकापर्यंत जाऊन ये."

"नाई बाबा."

"काहून वं?"

"कुठी जाऊ?" ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

या गोष्टीला वर्ष होऊन गेले. मला जपा, असे मी तुम्हाला विनवणार नाही. मला कुणी टाकलेले नाही. बाबा मला चार्जिंगला लावतात. माझी बॅटरी भरते आणि भरलेलीच राहते. ललिता हिशेबही करत नाही. हल्ली ती खाटेवरून उठवायलाही नको म्हणते. बाबांना धड उभे राहता येत नाही, आणि रात्रंदिवस त्यांना एकच काळजी असते, आपल्यामागे हिचे कसे होईल.

मित्रांनो, तुमच्यातले कुणी उद्या घर बांधतील, कुणी दुकान, कुणी कचेरी. दार बसवण्याआधी माझ्या रुंदीचा विचार करा. कुणाला उचलायला धावलात तर आधी तो काय सांगतो ते ऐका. ललिताला आता त्याचा उपयोग नाही. पण कुठल्या तरी गावात दुसरी एखादी मुलगी आज वडिलांना म्हणत असेल, जाऊ द्या मला. ती निघालीही असेल. आणि ती जिथे पोचणार आहे, तिथे अजून कुणी काही केलेले नाही.