धाकटीचे डोळे

स्टुलाचा एक पाय आखूड आहे. त्याखाली पुठ्ठ्याची घडी.

‘कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करायचं?’ असं पडद्यावर येतं. हो म्हणायला एक बोट पुरतं.

जबड्याचं हाड उद्या सकाळी कापणार आहेत.

जुळ्या बहिणी हुबेहूब असतात असं म्हणणारे जुळ्यांच्या घरात कधी राहिलेले नसतात.

“हे डोळे माझे नाहीत.”

हे शेवटचं वाक्य स्टुडिओच्या काउंटरपाशी उभ्या असलेल्या धाकटीचं. हातात फोटो, शेजारी जुळी थोरली. दोघींनी साठी ओलांडलेली. उद्याचं ऑपरेशन धाकटीचं. नंतर तोंड एका बाजूला ओढलं जाणार, असं डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलंय. म्हणून आहे तो चेहरा तिने परवा इथे, थोरलीला शेजारी घेऊन, टिपून घेतला होता.

फोटोवालीने फोटो उजेडात धरला. थोरलीचा डावा डोळा जन्मापासून जरा नाकाकडे वळतो. फोटोत दोघींचे वळले होते.

“भाऊजी!”

आतून फोटोवालीचा दीर आला. कॉम्प्युटरचं सगळं तोच बघतो. “अहो वहिनी, ह्यांनी एकूण एक फोटोत डोळे मिटले होते. प्रोग्रॅम आपोआप उघडे डोळे शोधून लावतो. त्याला शेजारीच तसला चेहरा सापडला. देवानेच कॉपी-पेस्ट केलंय, तिथे मशीनचा काय दोष?”

“देवाने केलं असतं,” थोरली म्हणाली, “तर माझं घोरणं हिलाही दिलं असतं.”

धाकटी हसली नाही. हसलं की जबडा दुखतो.

“मूळ फोटो काढा,” फोटोवाली म्हणाली.

दीर मान खाजवायला लागला. “मूळ आपण ठेवत नाही. जागा खातात.”

“मग पुन्हा काढू. आत्ता.”

“लग्नाचा अल्बम द्यायचाय आज!”

“अल्बमवाल्यांचे चेहरे उद्याही तेच असतील.”

स्टूल. पुठ्ठा सरकवून नीट केला. धाकटी बसली.

मिटलेले डोळे. मिटलेले. “डोळे मिटूनच बसा, मी सांगितलं की उघडा.” उघडले. खटका. मिटलेले.

“राहू द्या, वहिनी. आधीचाच घेऊ, डोळा सरळ करून देतो. कोणाला कळणार आहे?”

“मला,” धाकटी स्टुलावरून म्हणाली.

फोटोवालीने कॅमेरा डोळ्यापासून बाजूला धरला आणि तसाच खटका दाबला. कॅमेऱ्यातून नाही, नुसती समोर बघत राहिली. पुन्हा दाबला. पुन्हा.

मग दिसलं. फ्लॅश दोनदा पेटतो. आधी एक पुसट झोत, किती उजेड हवा ते कॅमेऱ्याने आपलं आपण मोजण्यासाठी. मग खरा. बाकीच्यांना दोन्ही मिळून एकच वाटतो. धाकटीच्या पापण्या मात्र चपळ. त्या पहिल्याला मिटतात आणि दुसऱ्याला मिटलेल्या सापडतात.

फोटोवालीने ऑटोमॅटिक बंद केलं.

उजेड आता हाताने ठरवायचा. किती वर्षं ठरवला नव्हता. पहिला फोटो पांढराफटक.

“पिठात पडले की काय मी?” धाकटी.

“चाळून घेऊ तुला,” थोरली.

दुसरा कोळशासारखा. दिवा हातभर मागे. पुन्हा जरा पुढे. दीर तारा सावरत होता.

खटका.

दोन डोळे. उघडे, सरळ, जरा चिडलेले.

कपाळावर एक केस आलेला. ओठ सुकलेला. डावा गाल आताच सुजलेला. दिराचं बोट सवयीने बटणाकडे गेलं. “गाल तेवढा जरा...”

“हात काढा, भाऊजी.”

त्याने काढला.

छापलेला फोटो धाकटीने थोरलीच्या तोंडाजवळ धरला. एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं. “ही मी,” म्हणाली. पदराच्या टोकाने फोटोचा कोपरा पुसला आणि पिशवीत घातला.

दोघी गेल्यावर पडद्याने नेहमीसारखं विचारलं, कार्ड रिकामं करायचं? फोटोवालीने ‘नाही’ दाबलं आणि खुर्ची ओढून तिथेच बसली. “बसा, भाऊजी. मूळ फोटो कुठे ठेवायचे ते ठरवल्याशिवाय अल्बमला हात लावायचा नाही.”

परवा, पहिला फोटो काढला तेव्हा, दुकानात दुसरं एकही गिऱ्हाईक नव्हतं. वेळ होता, तरी सगळं मशीनवर सोडलं होतं.